गळाला लावायची शिशाची गोळी घरी कशी ओतावी

वाहत्या पाण्यात गळ टाकून बसणाऱ्याला गोळ्या कधीच पुरत नाहीत. दिवाळीनंतर पंचगंगेचं पाणी उतरतं आणि घाटाखालचे दगड उघडे पडतात. त्या दगडांच्या फटीत माझ्या गेल्या काही वर्षांतल्या किती गोळ्या असतील, हे देवालाच ठाऊक. तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, ओढावा, तुटावा आणि गोळी तळाला राहावी, असं चारदा झालं की माणूस विकतच्या गोळ्यांचा हिशेब करायला लागतो आणि मग स्वतः ओतायचं ठरवतो. मीही तसाच या नादाला लागलो. पोट मात्र ओतकामावरच आहे. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत पॅटर्न, म्हणजे साच्यासाठी लागणारे नमुने, करतो, म्हणून लोखंडाची ओतीव रोज बघतो. तरीही शिशाने मला पहिल्याच दिवशी धडा दिला. तो पुढे सांगतो.

आधी एक खुलासा. आमच्या माळ्यावर आजोबांच्या काळातला एक चिमटा आहे. दिसायला अडकित्त्यासारखा, पण पात्यांच्या जागी समोरासमोर दोन अर्धगोल खळगे. ठासणीच्या बंदुकीच्या गोळ्या पाडायचा तो साचा. बंदुकीची 'बारा बोअर' ही मोजणीही अशाच गोळ्यांवरून आली आहे. एका पौंडात, म्हणजे ४५३.६ ग्रॅम शिशात, नळीच्या मापाच्या जितक्या गोळ्या बसतील तितका बोअर. तो साचा मी वापरत नाही आणि तुमच्या घरी असला तर तुम्हीही वापरू नका. १९५९ च्या शस्त्र कायद्यात दारूगोळा बनवायला परवाना लागतो आणि 'मासे मारायला होतं साहेब' हे पोलिसांना पटवत बसण्यात काही मजा नाही. आपली गोळी आरपार भोक असलेली, तंगुसात ओवायची. ओतण्याची रीत मात्र दोन्हींची सारखीच.

जागा आणि दिवस

शिसं ३२७.५ अंश सेल्सिअसला वितळतं. घरच्या गॅसवर आरामात होतं, आणि खरी गोम इथेच आहे. लोखंड घरी वितळवायचा विचार कुणाच्या मनात येत नाही. शिसं मात्र डाळीसारखं शेगडीवर ठेवता येतं, म्हणून लोक ते स्वयंपाकघरात आणतात. आणू नका. कढई, पळी, शेगडी, फडकं, जे एकदा शिशाला लागलं ते पुन्हा कधी जेवणाकडे जाऊ नये. माझ्या कढईच्या कानांना लाल रंग फासलाय. घरात कुणी चुकून चुलीवर चढवू नये म्हणून.

काम उघड्यावर करायचं: परसात, नाहीतर पत्रा नसलेल्या गच्चीवर. वारा पाठीमागून येईल असं बसायचं. सिमेंटच्या जमिनीवर थेट काम करू नका. सिमेंटमध्ये ओल मुरलेली असते. त्यावर गरम धातू सांडला की टवका उडतो. खाली लोखंडी ट्रे घ्यायचा आणि त्यात कोरडी वाळू पसरायची.

जून ते सप्टेंबर हे काम बंद. कोल्हापुरात त्या दिवसांत कोरडी म्हणावी अशी वस्तू घरात सापडत नाही आणि गच्चीवर कधी सर येईल याचा नेम नाही. माझा हंगाम संक्रांतीपासून पाडव्यापर्यंत. हवा कोरडी, शिवाय नदीचं पाणीही तोवर बसलेलं असतं.

पोरं आणि गरोदर बाई आसपास नकोत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते लहान मुलांच्या रक्तात शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित नाही. ओतून झाल्यावर पोरांनी तिथे खेळायला येणं, हेही यातच आलं.

पुसली न्हवं, वाळीवलीस का?

आता तो धडा. पहिल्या दिवशी कढईत चार किलोभर शिसं आरशासारखं चमकत होतं. शेजारी आमचे तात्या बसले होते. चाळीस वर्षं मोल्डर म्हणून राबलेला माणूस. मी पळी उचलली.

"पळी वाळीवलीस का?"

"पुसली की तात्या, आत्ताच फडक्यानं."

"पुसली न्हवं रं. वाळीवलीस का?"

तोवर माझा हात खाली गेला होता. पळीच्या दांडीला जिथे पत्रा दुमडला होता, त्या फटीत थेंबभर पाणी असणार. फट्कन आवाज झाला आणि हरभऱ्याएवढे, ज्वारीएवढे चमकते तुकडे चारी दिशांना उडाले. एक माझ्या बाहीला चिकटला, एक चष्म्यावर आपटला. चष्मा होता म्हणून आज हे लिहायला बसलोय. तात्या काही बोलले नाहीत. उठले, गॅस बंद केला आणि आत जाऊन चहा मागितला.

पाण्याची वाफ झाली की ती मूळ पाण्याच्या सुमारे सतराशे पट जागा मागते. शिशाखाली दबलेल्या थेंबाला ती जागा एका क्षणात हवी असते, म्हणून तो वरचा धातू भिरकावून देतो. तेव्हा पळी, साचा, भंगाराचा प्रत्येक तुकडा, ढवळायची सळई, सगळं कढईच्या काठावर किंवा ज्योतीजवळ धरून आधी चांगलं तापवायचं आणि मगच आत घालायचं. वितळलेल्या कढईत नवा तुकडा टाकायचाच असेल, तर तो हात लावता येणार नाही इतका आधीच तापलेला हवा. नवख्याने तर टाकूच नये. पहिल्या घाण्याला लागणारं सगळं शिसं थंड कढईत भरून मगच गॅस लावावा. कपाळाचा घामही पाणीच आहे. डोक्याला रुमाल बांधा.

अंगावर जाड सुती पूर्ण बाह्यांचा शर्ट, पायात चामड्याचे बूट आणि पँट बुटाच्या वरून सोडलेली. आत खोचलीत तर सांडलेलं शिसं नेमकं बुटात जातं. कोल्हापुरी चप्पल आपली शान आहे, पण या कामाला नाही. हातात वेल्डरचे चामडी मोजे, तोंडावर पूर्ण चेहरा झाकणारी पारदर्शक ढाल. नायलॉन, पॉलिस्टर काही घालू नका, ते कातडीला चिकटून वितळतं. आगीसाठी पाण्याची बादली ठेवायची नाही, कोरड्या वाळूची ठेवायची. पोळलं तर मात्र नळाखाली वीस मिनिटं गार पाणी, म्हणजे नळ कढईपासून लांब असला तरी जवळपास हवा.

शिसं कुठलं घ्यायचं

भंगारवाल्याकडे जाताना खिशात एक खिळा ठेवा. शुद्ध शिशावर नखानेही चर उमटते. तुकडा फरशीवर टाकला तर 'बद्द' वाजतो, घणघणत नाही. घणघणला तर त्यात दुसरं काहीतरी मिसळलंय. जुन्या केबलीचं आवरण, जुनी शिशाची नळी, शिशाचा पत्रा, हे सगळं चांगलं आणि मऊ.

टायरवाल्याकडची चाकाला लावायची वजनंही चालतात, पण निवडून घ्या. त्यांवर बारीक अक्षरांत खूण असते: शिशाला 'पीबी', जस्ताला 'झेडएन', लोखंडाला 'एफई'. जस्त ४१९.५ अंशाला वितळतं. एखादं नजरेतून सुटलं, तर कढई ३८० च्या खाली असेपर्यंत ते वर तरंगत राहतं आणि पळीने काढता येतं. ताप वाढवलात की ते मिसळतं, मग शिसं दह्यासारखं गुठळ्या धरतं आणि साच्यात धड भरत नाही. ती कढई मग भंगारातच.

गाडीच्या बॅटरीचं शिसं? नाही. आम्हा फौंड्रीवाल्यांना सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. 'घरात मेलेली बॅटरी आहे, फोडू का?' आत तेजाब आहे, शिशाचे क्षार आहेत आणि काही प्लेटांतल्या मिश्रधातूंपासून विषारी वायू तयार होऊ शकतात. जुनी बॅटरी दुकानदाराला परत द्या. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती अधिकृत पुनर्वापराकडेच जायला हवी.

कढई जाड लोखंडाची हवी. ॲल्युमिनियमचं भांडं नको, जस्ताचा मुलामा दिलेली बादली तर नकोच नको. शिशाचं वजन लक्षात ठेवा. एक लिटर शिसं म्हणजे ११.३ किलो. घरगुती शेगडीच्या लुकड्या जाळीवर भरलेली कढई कलंडते. आचाऱ्याकडे असते तसली तीन पायांची, जमिनीला टेकलेली शेगडी घ्या आणि नवखे असाल तर एका वेळी तीन-चार किलोच्या वर जाऊ नका.

साचा

इथे कोल्हापूरकर भाग्यवान. ॲल्युमिनियमचे दोन ठोकळे घेऊन उद्यमनगरातल्या कुठल्याही छोट्या वर्कशॉपमध्ये जा. ठोकळे साधारण ५० बाय ४० मिलिमीटरचे आणि २५ मिलिमीटर जाड असावेत. त्यांना हे सांगा: आधी दोन्ही ठोकळ्यांत दोन डॉवेल पिना बसवा, म्हणजे ते दर वेळी एकाच जागी मिटतील. मग गोल तोंडाच्या २० मिलिमीटर कटरने प्रत्येकात १० मिलिमीटर खोल खळगा. नंतर ठोकळे मिटवून, शिकंजात आवळून, मिटलेल्या रेषेवरच दोन भोकं पाडायची. वरून खळग्यापर्यंत ६ मिलिमीटरचा गेट, म्हणजे शिसं आत जायची वाट, त्याचं तोंड नरसाळ्यासारखं रुंद केलेलं. आणि आडवं आरपार २ मिलिमीटरचं भोक, पिनेसाठी. पीन म्हणून सायकलच्या चाकाची तार. ती बहुधा नेमकी दोन मिलिमीटर भरते. वाकडी नसलेली बघून घ्या.

हवा निघायला वाट लागते. खळग्यापासून ठोकळ्याच्या कडेपर्यंत सुईने दोन-तीन बारीक रेघा ओढा. डोळ्याला जेमतेम दिसतील इतक्याच. जास्त खोल झाल्या तर शिसं त्यातून मिशा काढतं.

आकार मोठा घ्यायचं माझं कारण असं. व्यास दुप्पट झाला की वजन आठपट होतं. १० मिलिमीटरची गोळी ६ ग्रॅमची, २० मिलिमीटरची ४७ ग्रॅमची, तारेच्या भोकाचं वजन वजा केलं तरी. पूर्वी मी १२ मिलिमीटरच्याही पाडायचो, १० ग्रॅमच्या. आता सोडल्या. पाणपक्षी खडे टिपतात, तसल्या बारीक गोळ्याही गिळतात आणि शिशाने मरतात. ब्रिटनमध्ये हंस असे मरायला लागले तेव्हा १९८७ मध्ये २८.३५ ग्रॅम आणि त्याखालच्या बहुतेक गळाच्या शिशावर बंदी आली. आपल्याकडे कळंब्याच्या तळ्यावर हिवाळ्यात बदकं बघायला जायचं आणि त्याच पाण्यात शिसं टाकायचं, हे मला जमेना. हलकं वजन लागलं की मी लोखंडी नट ओवतो. उद्यमनगरात त्यांना काय तोटा?

प्लास्टर ऑफ पॅरिसचा साचा काही जण करतात. स्वस्त पडतो. पण तो आतून पूर्ण वाळलाय हे बाहेरून कळत नाही आणि थेंबाची गोष्ट वर सांगून झालीच आहे.

ओतणं

गॅस मध्यम. शिसं वितळलं की वर राखाडी साय येते. ती लगेच काढून फेकू नका, तिच्यात चांगलं शिसंही अडकलेलं असतं. वाटाण्याएवढं मेण टाका आणि कोरड्या सळईने तळापासून ढवळा. मेण भडकतं, दचकू नका, चेहरा बाजूला ठेवा. कोरडा लाकडी भुसाही चालतो आणि मला तोच आवडतो. कमी भडकतो, शिवाय पॅटर्न शॉपमध्ये फुकट मिळतो. ढवळल्यावर वर हलकी, कोरडी, भुरी पूड उरते. गुऱ्हाळावर भेंडीचं पाणी घातल्यावर काहिलीतली मळी कशी वर येते आणि गुळव्या ती झाऱ्याने कशी अलगद उचलतो, ते पाहिलं असेल तर हात आपोआप तसा वळेल. फरक एवढाच की ही मळी विषारी आहे. पत्र्याच्या डब्यात टाकायची आणि झाकण लावायचं. परसातल्या कढीपत्त्याच्या बुडाशी नाही. डबा भरला की शिसं गाळणाऱ्या अधिकृत माणसाकडे द्यायचा.

ताप ३७० ते ४०० अंशांत ठेवा. तारेच्या टोकाचा डिजिटल तापमापक घ्या, अंदाजावर जाऊ नका. मापक नसताना एक खूण कामी येते. साय काढल्यावर लगेच सोनेरी-निळी झाक धरू लागली तर जास्त तापलंय. गॅस कमी करा. ताप जितका जास्त, तितकी शिशाची वाफ आणि धूळ जास्त.

दरम्यान साचा उघडा करून खळग्यांवर मेणबत्तीची काजळी धरा, पातळ थर. तारेलाही. नाहीतर गोळी सुटली तरी तार सुटत नाही. मग साचा मिटवा, तार घाला, छोट्या सी-क्लॅम्पने आवळा आणि कढईच्या काठाशी तापत ठेवा.

नवख्याचा पहिला राग इथे येतो. पहिल्या चार-पाच गोळ्या सुरकुतलेल्या निघतात, वाळक्या लिंबासारख्या. लोकांना वाटतं शिसं थंड आहे, म्हणून गॅस वाढवतात. थंड असतो तो साचा. फौंड्रीत यालाच कोल्ड शट म्हणतात. धातूच्या दोन धारा समोरासमोर येतात, पण एकजीव व्हायच्या आधीच गोठतात. गॅसला हात न लावता ओतत राहा. गोळ्या परत कढईत. त्या अजून कोरड्या आणि गरमच आहेत. पाचवी-सहावी गोळी बाहेर येईल ती गुळगुळीत, चांदीसारखी. पुढे कधी गोळीवर बर्फाची झाक आली, पृष्ठभाग खरबरीत दिसला, तर आता साचा जास्त तापलाय. दोन मिनिटं उघडा ठेवून थांबा.

पळी गेटच्या अगदी जवळ धरून एकच संथ धार सोडा, न थांबता. गेट भरल्यावरही नरसाळ्यात शिशाचं थोडं तळं राहू द्या. शिसं गोठताना साडेतीन टक्क्यांच्या आसपास आक्रसतं आणि ती तूट त्या तळ्यातून भरून निघते. लोखंडाच्या ओतीवात रायझर हेच काम करतो. तळं कमी पडलं तर गोळीच्या आत पोकळी राहते. बाहेरून ठणठणीत, आतून पोकळ.

तळ्याची चकाकी जाऊन मध्ये बारीक खळी पडली की वरून गोठलं. तरी मनातल्या मनात वीस मोजा. मग क्लॅम्प सोडा, पकडीने तार ओढा, साचा उघडा. गोळी अडकली तर साच्याला नाही, ठोकळ्याच्या मागे लाकडाने हलकं टिचकारा. गोणपाटाच्या घडीवर पडू द्या. गार करायला पाण्यात टाकणारे लोक मी पाहिलेत. ते पाणी कढईपासून हातभरच लांब असतं.

गेटची शेपटी कटरने तोडा, कानसेने टोक मोडा, पण कानशीचा कीस कागदावर धरा. तोही शिसंच. मग वजन करा. मी गुजरीतल्या सोनाराकडे असतो तसला छोटा डिजिटल काटा ठेवलाय. सगळ्या ४६ ते ४७ ग्रॅममध्ये येतात. एखादी ४४ भरली की आत पोकळी आहे, परत कढईत. गळासाठी एवढी काटेकोरी लागत नाही, पण तीन ग्रॅम कुठे गेले हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही.

आवरणं

उरलेलं शिसं कढईत गोठवू नका. पुढच्या वेळी तळ आधी वितळतो, वरची खपली घट्ट राहते आणि खालून दाब येतो. दोन्ही टोकं बंद केलेल्या लोखंडी अँगलच्या तुकड्यात लगड ओता. तो तुकडाही आधी तापवून.

हात साबणाने, नखांच्या आतून. त्याआधी ना तंबाखू, ना चहा, ना मोबाईल. कपडे वेगळे धुवायचे, घरच्या कपड्यांत नाही. खाली पडलेली पूड झाडायची नाही, उडते. ओल्या फडक्याने टिपायची. अर्थात कढई पूर्ण गार झाल्यावर. वर्षभर हे काम करणार असाल, तर पॅथॉलॉजीत रक्तातल्या शिशाची तपासणी एकदा करून घ्या.

नदीवर

तंगुसात गोळी ओवा, मागे एक प्लास्टिकचा मणी, मग स्विव्हल, म्हणजे फिरती कडी, आणि पुढे हातभर दोरीला गळ. गोळी तंगुसावर मोकळी सरकली पाहिजे. मासा ओढतो तेव्हा त्याला वजन जाणवत नाही आणि तो आमिष सोडत नाही. वामसारखे मासे तळाशीच फिरतात, तिथे ४७ ग्रॅम धारेला पुरतं. धरणांत आणि तलावांत मासेमारीचा ठेका दिलेला असतो, तिथे आधी विचारा.

आणि एक सवय मोडा. घाटावर आमच्यातले निम्मे लोक बारीक चिरलेल्या गोळ्या दाताने दाबून तंगुसावर बसवतात, मग त्याच हाताने कणकेचा गोळा मळतात आणि तोच हात पुसून भडंगाच्या पुडीत घालतात. पिशवीत एक छोटी पक्कड ठेवा. भडंग दुसऱ्याने हातावर दिलं तर थेट तोंडात टाका.